अकरावा प्रश्न

शारजात, हॉटेलच्या तळघरात
परवाना नूतनीकरणाचा वर्ग.
वर रस्त्यावर सेहेचाळीस अंश,
खाली आम्ही बत्तीस जण गारठलेले,
गळ्यात आपापली कार्डं,
कार्डांवर आपापले जुने,
जरा जास्तच प्रामाणिक चेहरे.

शिकवणारे उस्ताद हातिम, सुदानचे,
फळ्यावर लिहितात : दलाल.
म्हणतात, अरबीत हा शब्द
वाट दाखवण्यातून आलाय.
मी वहीत उतरवून घेते.
आमच्या दाभोळला हा शब्द
भांडण हातघाईवर आलं की बाहेर काढतात.
म्हणून तर अब्बांनी गावात सांगून ठेवलंय,
नझीरा ऑफिसात असते.

नियम सोपे आहेत, उस्ताद म्हणतात,
एकेक बोट दुमडत :
मालकाच्या सहीशिवाय जाहिरात नाही.
दुसऱ्याच्या फ्लॅटचा फोटो आपला म्हणून लावायचा नाही.
मोरीच्या खिडकीतून, टाचा उंचावून
दिसतो तो समुद्र
'समुद्रदर्शनी'त धरायचा नाही.
इथं सगळे हसले.
सगळ्यांनीच धरलाय.

मग परीक्षा. प्रश्न अकरावा :
मालक म्हणतो, भिंतीच्या ओलीबद्दल बोलू नका.
तुम्ही काय कराल?
अ, गप्प राहीन.
ब, विचारलं तरच सांगेन.
क, लेखी कळवेन.
ड, वरीलपैकी नाही.

मी क वर खूण केली.
पेन अडखळलंसुद्धा नाही.

फेब्रुवारीत, अल खानला
सतराशे चार नंबर दाखवला तेव्हा मी ब होते.
लिन्सी चाको, नर्स, रात्रपाळी उतरून थेट आलेली,
सोबत दम्याची सासू.
तिनं सगळं विचारलं.
बस कुठं थांबते, ऊन कुठल्या बाजूनं येतं,
सुट्टीच्या दिवशी पार्किंग मिळतं का,
लिफ्ट किती वेळा बंद पडते.
मी एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं,
लिफ्टचंही.
आतल्या खोलीत पांढरं, तीन दारांचं कपाट होतं.
कपाटाला कुणी विचारत नाही,
बाई, तुझ्या पाठीला काय झालंय?
मी एकही शब्द खोटा बोलले नाही :
हे वाक्य तेव्हापासून इतक्यांदा म्हटलंय
की आता त्यालाच ओल आलीय.

कमिशन वेळेवर मिळालं.
त्यातूनच या वर्गाची फी भरली.

निकाल तिथल्या तिथं. तीसपैकी एकोणतीस.
चुकलं काय, ते सांगत नाहीत.
जिना चढून वर आले तर फोन, लिन्सीचाच.
"मॅडम, माझी चुलतबहीण येतेय कोट्टयमहून.
घर तुम्हीच शोधायचं.
तुम्ही लिफ्टचं खरं सांगितलं होतं."
मी विचारलं, सासूबाई कशा आहेत?
"खोकला जात नाही. इथली धूळ, दुसरं काय."

ऊन डोक्यावर. ओठ सुकलेले.
मी काहीच बोलले नाही.
म्हणजे अ.

शनिवारी त्या चुलतबहिणीला
मुवैलाचा एक फ्लॅट दाखवला.
कुलूप काढलं, पर्स खाली ठेवली
आणि आधी कपाटाला खांदा लावला.
वॉचमन हबीबुर म्हणाला, काय हरवलं?
मग तोही लागला ढकलायला.
कपाट करकरत सरकलं.
मागची भिंत कोरडी, खडखडीत.
फक्त पेन्सिलीच्या रेघा, एकीच्या वर एक,
कुणीतरी आपल्या लेकराची उंची मोजत गेलेलं,
शेवटची रेघ माझ्या कोपराइतकी.
तेही मी लिहिलं फॉर्मात : भिंतीवर खुणा आहेत.
आणि सहीसाठी पेन पुढं केलं.
ती हसली. एवढं कशाला, म्हणाली.

सतराशे चारचा मेसेज फोनमध्ये आहे :
'लिन्सी, त्या पांढऱ्या कपाटाच्या मागं'
इथपर्यंत.
रोज रात्री उघडते,
कधी 'त्या' खोडते, कधी परत लिहिते.

परवाना वाढवून मिळालाय,
पुढच्या ऑगस्टपर्यंत.